जागा रिकामी होती

ओझेला गेन्सला राग आला तर तो पोटात ठेवायची सवय होती. आरडाओरडा करणारी बाई ती नव्हे. तिचा राग म्हणजे मंद आचेवरचं भांडं, दिवसभर रटरटणारं, झाकण न उडवणारं. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, ओझेला गोड बोलायला लागली की समजायचं, कुणाचं तरी काही खरं नाही.

आणि स्ट्रेलोबाईशी ती आयुष्यभर गोड बोलली.

अमेरिकेतल्या मिलवॉकीत तेव्हा आपली सगळी काळी माणसं शहराच्या एकाच तुकड्यात कोंबलेली. गिरणीत काम करा, गोऱ्यांच्या इस्पितळात चादरी धुवा, त्यांच्या पोरांचे पाळणे हलवा, पण अंधार पडायच्या आत आपल्या गल्लीत परत या. ओझेला आणि तिचा नवरा क्लिओफस एका तळघरात राहत होते. खिडकी म्हणजे वरच्या बाजूला एक फट, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. भिंतींना बारा महिने ओल. थंडीत कागद भिंतीवरून सुटून खाली लोंबायचा, क्लिओफस तो पिठाच्या खळीने परत चिकटवायचा, आठवड्याभरात पुन्हा लोंबायचा. त्या ओलीत त्यांची पोर वाढत होती, लवोन. पोरीची छाती वाजायची. चहाची किटली उकळायला लागली की सुरुवातीला कशी बारीक शिट्टी येते, तशी. डॉक्टर म्हणाले, औषध काय देऊ? हिला कोरड्या जागेत न्या.

ओझेला इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या मोठ्या रुळावर उभी असायची. समोरच्या खिडकीतून टेकडीवरची एक पिवळ्या विटांची इमारत दिसायची. तीन मजले, उन्हात न्हाऊन निघालेली, खिडक्यांना पांढरे पडदे. एका शरदात तिच्या खालच्या खिडकीत पाटी लागली, जागा भाड्याने देणे आहे. ओझेलाने ती पाटी चादरी इस्त्री करता करता पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. रविवारी चर्च सुटल्यावर नवऱ्याला म्हणाली, "कोट काढू नकोस. आपण जागा बघायला चाललोय."

"कुठे?"

"टेकडीवर."

क्लिओफस हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

गेले तिघं. ओझेलाच्या डोक्यावर निळी टोपी, हातमोजे चढवलेले, लवोनच्या केसांना नवी रिबन. दार उघडलं ते स्ट्रेलोबाईने. हेडविग स्ट्रेलो. मालक दुसराच कुणीतरी होता, शहराबाहेर राहणारा. ही तिथली व्यवस्था बघायची आणि त्या बदल्यात दाराजवळच्या खोल्यांत फुकट राहायची. केसांवर जाळी, कमरेला ॲप्रन, मागून आंबवलेल्या कोबीचा वास. तिने तिघांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि अशी हसली, अशी हसली, की जणू मावशीच.

"अगं बाई! आत्ताच गेली बघ जागा. तासाभरापूर्वी येतीस तर!"

वयाने फार तर दहा वर्षं मोठी असेल. पण पहिल्या शब्दापासून 'तू'. आपल्या म्हाताऱ्या बायकांनासुद्धा गोरे तेव्हा असंच नावाने आणि 'तू' म्हणून हाक मारायचे, आणि आपण त्यांच्या शेंबड्या पोरांना 'मिस्टर' म्हणायचं.

"पाटी आहे अजून खिडकीत," ओझेला म्हणाली.

"काढायची राहिली गं." आणि दाराशी टेबलावर एक काचेचं भांडं होतं, त्यातून तिने एक पेपरमिंट काढलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, आणि लवोनच्या हातावर ठेवलं. "गोड आहे हो पोर."

दार लागलं. लवोनने गोळी तोंडात टाकली. पायऱ्या उतरताना ओझेलाने मागे पाहिलं. पाटी होती तिथेच होती. तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं, गोळी काढली आणि गटारात फेकली. लवोन घरापर्यंत भोकाड पसरून रडली. रडल्यावर छाती आणखी वाजायला लागली. क्लिओफस म्हणाला, "तिच्यावर का काढतेस?"  पण ते रडणंही ओझेलाने स्ट्रेलोबाईच्याच नावावर लावलं.

ती पाटी त्या खिडकीत बर्फ पडेपर्यंत होती. ओझेला रोज रुळावर चादर सरकवायची आणि मान वर करून बघायची. नुसतं 'देत नाही' म्हणाली असती, दार आपटलं असतं, तर गोष्ट निराळी होती. दार आपटणारे गोरे ओझेलाने अलाबामात लहानपणापासून पाहिले होते, त्यांचं तिला काही वाटत नव्हतं. पण ही हसली. हसून खोटं बोलली आणि वर पोरीला खाऊ दिला. ओझेलाने डूख धरला तो त्या हसण्यावर. तिला आता दोनच गोष्टी हव्या होत्या. ती जागा हवी होती. आणि त्या बाईच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की त्या दिवशी जागा रिकामी होती.

पुढे आपली तरणी पोरं पुलावरून गोऱ्या वस्तीत मोर्चे नेऊ लागली. अंगावर बाटल्या, दगड, थुंकी झेलत गेली. मग आपले पुढारी डॉक्टर किंग यांना गोळी घालून मारलं आणि आठवड्याभरात वॉशिंग्टनच्या राजदरबाराने कायदा केला, की रंग बघून कुणाला जागा नाकारायची नाही. चर्चमध्ये काहीजण रडले, काहीजण नाचले. क्लिओफस म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या छातीवर सही केली." ओझेला म्हणाली, "केली ना? मग चल."

तो कायदा त्या इमारतीला लागू झाला त्याच हिवाळ्यात ती परत गेली, या खेपेला एकटी. खिडकीत पाटी होती. स्ट्रेलोबाई हसली. "कायदा मला ठाऊक आहे गं. मी कशाला रंग बघीन? पण जागा गेली तर गेली, त्याला मी काय करू?" आणि भांड्यात हात घातला.

तर असं झालं होतं. कायदा आला तरी खोटं तेच राहिलं, फक्त त्याला जास्त साखर लागली.

आता हे खोटं पकडायचं कसं? त्यासाठी आपल्या चर्चच्या तळमजल्यावर सिस्टर बर्निसने बायकांची एक शाळा काढली होती. बुटकी, जाड भिंगांच्या चष्म्याची, शिस्तीला अशी कडक की पाळकसुद्धा तिच्यापुढे टाय सरळ करायचे. रीत सोपी होती. आधी आपल्यातलं जोडपं जागा मागायला जायचं. 'गेली' म्हणाले की वाद घालायचा नाही, थँक्यू म्हणून यायचं. तासाभराने गोरं जोडपं जायचं, तेवढीच कमाई, तेवढीच पोरं. त्यांना तीच जागा दाखवली की झालं, खोटं हातात सापडलं. दोघांनी एकमेकांशी न बोलता काय पाहिलं ते आपापलं सांगायचं. जसं घडलं तसं, चिमूटभर मीठ वर घालायचं नाही.

"आणि एक," सिस्टर बर्निस बोट वर करून म्हणायची. "ज्या दारावर तुमचा आधीचा राग आहे, त्या दारी जायचं नाही. आपण तपासायला जातो, भांडायला नाही. रागाने गेलात तर वकील तुम्हाला सोलून वाळत घालतील."

ओझेला या कामात पटाईत निघाली. तोंडावरची रेषा हलायची नाही. तिच्यासारखी 'थँक्यू, मॅडम' कुणी म्हणूच शकत नव्हतं. तिच्या साक्षीने कितीतरी इमारतींची दारं उघडली. आपली माणसं सामान घेऊन तिथे राहायला गेली, आणि ओझेला मात्र प्रत्येक वेळी आपल्या तळघरात परतून लवोनच्या छातीला कापूर चोळत बसायची.

मग एका शनिवारी सिस्टर बर्निसने कामं वाटली आणि ओझेलाच्या वाट्याला टेकडीवरची पिवळी इमारत आली.

"ओळखपाळख? जुनं भांडण?" बर्निसने सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं.

"नाही," ओझेला म्हणाली.

गेली. दुसरं नाव सांगितलं, केस निराळे बांधले होते, चष्मा लावला होता. स्ट्रेलोबाई हसली, 'आत्ताच गेली' म्हणाली. तासाभराने करिन गेली. करिन म्हणजे एक गोरी मास्तरीण, ल्युथरन पंथाची, प्रामाणिक इतकी की स्वतःचं वजनसुद्धा खरं सांगायची. तिला स्ट्रेलोबाईने जागा दाखवली, कॉफी पाजली, वर म्हणाली, "इथे चांगल्याच लोकांना ठेवते हो मी." झालं! ओझेलाला वाटलं, सापडली.

कोर्टात आपल्या चर्चच्या सगळ्या म्हाताऱ्या पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या घालून रांगेत बसल्या होत्या. ओझेलाने बायबलवर हात ठेवला. स्ट्रेलोबाईचा वकील उठला आणि त्याने एकच गोष्ट विचारली.

"बाई, तुम्ही ह्या इमारतीत ह्याआधी कधी गेला होता?"

ओझेलाने त्या पांढऱ्या टोप्यांकडे पाहिलं. ह्या बायकांनी तिला आपलं म्हटलं होतं, तिचं बाळंतपण केलं होतं. त्यांच्यासमोर, बायबलवर हात असताना, तिची जीभ खोटं बोलायला वळेना.

"हो. दोनदा."

"मग राग असेल."

"आहे."

संपलं. न्यायाधीश म्हणाला, ही तपासणी नव्हे, हा सूड आहे, आणि खटला फेकून दिला. करिन बिचारी खरं बोलत होती, तेही त्यात वाहून गेलं.

बाहेरच्या वऱ्हांड्यात स्ट्रेलोबाई समोरून आली. पर्स उघडली. "घे. घसा कोरडा पडला असेल तुझा."

पेपरमिंट.

ओझेला एक पाऊल पुढे सरकली. क्लिओफसने तिचा दंड घट्ट धरला, नाहीतर त्या दिवशी दुसराच खटला उभा राहिला असता. पण घरी जाताना बसमध्ये ती एकदम म्हणाली, "क्लिओ, वकिलाला हा प्रश्न सुचला कसा?"

"का?"

"तिने मला ओळखलं. नाव वेगळं, केस वेगळे, चष्मा, तरी ओळखलं. म्हणजे तिला आठवतंय. पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय तिला!" आणि तिच्या तोंडावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. क्लिओफसला त्या हसण्याची भीती वाटली.

सिस्टर बर्निसने ओझेलाला सगळ्यांसमोर असं झापलं की चर्चच्या भिंतीवरचा रंग उडावा. "मला खोटं सांगितलंस! ह्या एका खोट्यापायी त्या इमारतीत आपलं माणूस जायला आणखी किती वर्षं लागतील, बोल ना!" ओझेला मान खाली घालून उभी. सगळ्या बायका गेल्यावर बर्निसने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाली, "आता ऐक, गाढवे. तपासायला जाणाऱ्या बाईने डूख धरायचा नसतो. पण जिला खरोखर राहायला जागा हवी, तिने धरला, तर कायदा विचारत नाही. पोटात कितीही विष असू दे. तुला ती जागा हवी आहे का? खरोखर? तिथे झोपायची, उठायची, म्हातारी व्हायची तयारी आहे?"

"आहे."

"त्या बाईच्या डोक्यावर?"

"डोक्यावरच," ओझेला म्हणाली.

मग वाट बघणं आलं. धुलाईखान्याच्या खिडकीतून ती बघत राहिली, आणि एका वसंतात पाटी पुन्हा लागली. ह्या वेळी ती नवऱ्याला आणि लवोनला घेऊन गेली. स्वतःचं नाव, स्वतःचे केस, तीच निळी टोपी, आता जरा विटलेली.

"आत्ताच गेली बघ," स्ट्रेलोबाई म्हणाली. पण ह्या खेपेला हसू थोडं आखडलेलं.

"असं होय? बरं." ओझेला जागची हलली नाही. "पोरीला पेपरमिंट नाही दिलंत?"

स्ट्रेलोबाईने दार लावलं. ओझेला कोपऱ्यावर जाऊन बसची वाट बघत बसली. बस आली, तिने जाऊ दिली. करिनचा भाऊ आणि त्याची बायको इमारतीत शिरताना तिने पाहिले. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचा पांढरा पडदा बाजूला झाला, आणि खिडकीत करिनची भावजय दिसली, शेजारी स्ट्रेलोबाई हात लांब करून तिला लांबवरचं तळं दाखवत होती. ओझेला म्हणाली, "बघ लवोन. ती आपली खिडकी."

ह्या वेळी खटला पडला नाही. स्ट्रेलोबाईचा वकील पुन्हा म्हणाला, हिच्या मनात राग आहे. न्यायाधीश दुसरा होता. तो म्हणाला, असेना का, जागा मागायला रागावलेल्या माणसाला मनाई नाही. मालकाच्या वकिलाने मग तडजोड मागितली. जागा देतो. पण आमच्याकडून काही चुकलं असं आम्ही कबूल करत नाही.

ओझेला सही करेना.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "जागा देणार आणि म्हणणार की जागा नव्हतीच? मग देतायत काय, माझं डोकं?"

"सगळ्या तडजोडी अशाच असतात," बर्निस म्हणाली. "चूक कुणीच कबूल करत नाही. तू जागा घे."

"मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

 क्लिओफस म्हणाला, "ओझी, ती पोरीची छाती ऐक आधी."

लवोन कोपऱ्यात बसली होती. शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. ओझेलाने सही केली. पण एक अट घातली, चावी स्ट्रेलोबाईने स्वतःच्या हाताने द्यायची.

दिली. दोन बोटांत टोकाला धरून, तव्यावरून उचलल्यासारखी. ओझेलाने चावी घेतली, हातमोज्यातला हात तसाच पुढे ठेवला आणि अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "मिसेस स्ट्रेलो, त्या दिवशी जागा रिकामी होती ना हो?"

"मला नाही आठवत."

"आठवेल. मी आता इथेच आहे."

आणि खरंच, तिथून पुढे त्या बाईला एक दिवस चैन पडू दिलं नाही तिने. जागा होती बरोबर स्ट्रेलोबाईच्या डोक्यावर. ओझेलाने कायद्यात न बसणारी एक गोष्ट केली नाही. भाडं वेळेवर, जिना स्वच्छ, कचरा झाकलेला. पण रविवारी उंच टाचांचे बूट घालून ती स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात अशी फिरायची की खालच्या दिव्याची काच वाजावी. डुकराच्या मानेची हाडं आणि कॉलर्डच्या पानांची भाजी शिजत ठेवायची आणि जिन्याचं दार उघडं टाकायचं. आंबवलेल्या कोबीचा वास महिन्याभरात इमारतीतून हद्दपार झाला.

आणि चर्चच्या म्हाताऱ्यांच्या गाण्याची तालीम आता ओझेलाच्या घरी व्हायची, दर रविवारी जेवणानंतर. एवढ्या धष्टपुष्ट बायका, पाय आपटत, टाळ्या पिटत प्रभूला हाक मारायच्या. खालून स्ट्रेलोबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. ओझेला हात वर करून सगळ्यांना थांबवायची, कान द्यायची आणि म्हणायची, "बाईचा ताल चुकतोय. पुन्हा घ्या गं, सुरुवातीपासून." बायका हसून हसून खुर्च्यांवरून पडायच्या.

रोज सकाळी कामावर जाताना दाराशी भेट. "गुड मॉर्निंग, मिसेस स्ट्रेलो. जागा रिकामी होती ना?" रोज तेच हसू, मावशीसारखं. स्ट्रेलोबाई आधी उत्तर द्यायची, मग मान फिरवायला लागली, मग ओझेलाच्या टाचा जिन्यावर वाजल्या की दारच लावून घ्यायला लागली. टेबलावरचं काचेचं भांडं तिने आत नेलं.

क्लिओफस एकदा वैतागून म्हणाला, "किती ताणशील? जागा मिळाली, पोर बरी आहे."

पोर बरी होती, पूर्ण बरी नव्हती. उन्हाळ्यात पळायची, उड्या मारायची. पण थंडी पडली की शिट्टी परत यायची. तळघराने जे छातीत भरलं होतं ते टेकडीवरच्या उन्हानेही सगळं काढलं नाही. अशा दिवशी ओझेला मुद्दाम जड बूट घालायची.

एक गोष्ट मात्र तिने योजली नव्हती. ती राहायला आली तसे इमारतीतले गोरे एकेक करून निघायला लागले. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते ट्रक. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने तर निघताना केक दिला, छान, बदामाचा, आणि म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हं." ओझेलाने केक घेतला आणि सगळा पक्ष्यांना घातला. रिकाम्या झालेल्या जागांत आपली माणसं आली. मग रस्त्यावरचं चांगलं दुकान गेलं. बस कमी झाल्या. मालकाने छपराकडे बघणं सोडलं. कायद्याने दार उघडलं खरं, पण आपण आत शिरलो तेव्हा घरातले लोक मागच्या दाराने सामान घेऊन निघालेले. सिस्टर बर्निस म्हणायची, पुढचं दार कायद्याने उघडतं, मागच्या दाराला कायदा नाही.

शेवटी मालकाने इमारत विकली ती पर्डीसाहेबाला. हा आपला माणूस, प्रेतं सजवणारा, सगळ्या वस्तीचे शेवटचे सोहळे त्याच्याकडे. त्याने पहिल्याच दिवशी छप्पर दुरुस्त केलं आणि इमारतीची व्यवस्था बघायला ओझेलाला नेमलं. स्ट्रेलोबाई शहराबाहेर भाचीकडे राहायला गेली. निघाली त्या दिवशी ओझेला जिन्यावर उभी होती.

"जाता जाता तरी सांगा, मिसेस स्ट्रेलो."

स्ट्रेलोबाईने पेटी उचलली आणि वर न बघता गेली. ओझेलाला त्या रात्री जेवण गेलं नाही. क्लिओफसला वाटलं ती आता शांत होईल. ती शांत झाली नाही, तिचं काम अर्धवट राहिलं होतं.

वर्षं गेली. क्लिओफस गेला, पर्डीसाहेबानेच त्याला सजवला, अगदी राजासारखा. बर्निस गेली. लवोन मोठी झाली, शाळेत गाणं शिकवायला लागली, अशी वाजणारी छाती घेऊन गाणं! ओझेलाचे केस पांढरे झाले, पण टाचा उंचच राहिल्या. दाराजवळच्या खोल्या, ज्यात एकेकाळी स्ट्रेलोबाई राहायची, त्या एका शरदात रिकाम्या झाल्या आणि ओझेलाने खिडकीत पाटी लावली.

रविवारी दुपारी घंटा वाजली. दारात एक मध्यमवयीन गोरी बाई, आणि तिच्यामागे चार पायांच्या आधारकाठीला धरून, वाकलेली, मानेला कंप असलेली स्ट्रेलोबाई.

ओझेलाने ओळखलं. तिनेही ओळखलं. भाचीला काहीच माहीत नव्हतं, ती बिचारी बोलत राहिली. "मी नवऱ्याबरोबर ॲरिझोनाला चाललेय. आत्याला गरमी सोसत नाही, तिचं चर्च इथे, डॉक्टर इथे. जिना चढता येत नाही. खालची जागा कुठे मिळेना. तीन ठिकाणी फोनवर हो म्हणाले, आणि ही आधारकाठी बघितली की म्हणे, आत्ताच गेली."

"काय म्हणाले?" ओझेलाने विचारलं.

"आत्ताच गेली म्हणाले."

स्ट्रेलोबाई जमिनीकडे बघत होती.

लवोन मागे येऊन उभी राहिली होती. ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "मॉम, म्हण. एकदाच म्हण. आत्ताच गेली म्हण. मी नरकात जाईन तुझ्या बदल्यात." लवोन, जी माशीला मारत नव्हती. ओझेलाला तिच्या श्वासातली शिट्टी कानाशी ऐकू आली.

आणि ते शब्द ओझेलाच्या जिभेवर आलेही होते. किती वर्षं पाठ केलेले. स्वर, हसू, सगळं तयार. पाटी मागे खिडकीत लटकत होती आणि स्ट्रेलोबाईला ती स्पष्ट दिसत होती. ओझेलाने तिला तसंच उभं ठेवलं. घाई केली नाही. म्हातारीच्या हातातली आधारकाठी थरथरून लाकडी उंबऱ्यावर टकटक वाजायला लागली, तरी उभं ठेवलं. भाची घाबरून एकीकडून दुसरीकडे बघायला लागली.

मग ओझेला एकेक शब्द सुटा करत बोलली, जिन्यावरच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"जागा रिकामी आहे."

ओझेलाने खिडकीतल्या पाटीकडे बोट केलं.

"रिकामी आहे, मिसेस स्ट्रेलो. बघा, म्हणता येतं. जीभ झडली नाही माझी, छप्पर कोसळलं नाही. एवढंच होतं ते. एवढंच म्हणायचं होतं."

तिने चावी आणली आणि स्ट्रेलोबाईच्या तळहातावर ठेवली, टोकाला धरून नाही, मुठीत धरून. जागा दाखवली. कायद्यात बसेल तेवढं सगळं केलं, तसूभर कमी नाही आणि तसूभर जास्तही नाही. न्हाणीघरात धरायला दांडा हवा म्हणाली भाची, तर म्हणाली, बसवून मिळेल. कॉफी विचारली नाही.

निघताना स्ट्रेलोबाई दाराशी थांबली.  

"मिसेस गेन्स. तुम्ही…" हे 'तुम्ही' तिच्या तोंडून पहिल्यांदा निघत होतं, घशात माशाचा काटा अडकल्यासारखं. "त्या दिवशी रिकामी होती जागा."

"मला माहीत आहे," ओझेला म्हणाली. "हे तुम्ही मला पायरीवर सांगायला हवं होतं. तेव्हा माझी पोर लहान होती."

माफ केलं का तिने? नाही केलं. लोकांना वाटतं, म्हाताऱ्या झाल्या, गळ्यात गळा घातला असेल. कुठला गळा! तिने भाचीला थांबवलं आणि म्हणाली, "त्या तीन जागा कुठल्या, जरा सांगून जा." आणि स्ट्रेलोबाईकडे वळून, "तुमच्यासाठी नाही हं. तुमचं माझं तसंच आहे. मला फक्त 'आत्ताच गेली' म्हणणारी तोंडं आवडत नाहीत." अपंग माणसाला जागा नाकारायलाही आता कायद्याने मनाई होती. दुसऱ्याच दिवशी तिने कपाटातून निळी टोपी काढली, लवोनला गाडी काढायला लावली, कुणाची तरी आधारकाठी उसनी घेतली आणि गेली जागा मागायला, वाकून, कण्हत, थँक्यू मॅडम म्हणत. त्यातली दोन ठिकाणं वर्षाच्या आत सुतासारखी सरळ झाली.

आणि स्ट्रेलोबाई खाली राहायला आली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी वर गाण्याची तालीम होती. जुन्या बायका बऱ्याच गेल्या होत्या, नव्या आल्या होत्या, पण अंगाने तशाच. ओझेलाने उंच टाचांचे बूट घातले, स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि हात वर केला. बायकांनी सुरुवात केली. पहिलं कडवं संपायच्या आत खालून छतावर दांडा वाजला, जुन्यासारखाच, जरा अशक्त.

ओझेलाने सगळ्यांना थांबवलं. कान दिला.

"ताल अजून चुकतोच बाईचा," ती म्हणाली. "घ्या गं पुन्हा. जोरात."